मांडवात घेतलेलं नाव

सगुणा चुलीतला विस्तव विझवून, दाराला कडी घालून विहिरीकडे निघायची आणि चिंचेपाशी पोचली की थांबायची. डोक्यावर हंडा तसाच. मग मागे वळायची, कडी हलवून बघायची, आत जाऊन राखेवर हात धरायची आणि पुन्हा निघायची. विस्तव विझलेलाच असायचा, कडी लागलेलीच असायची. तरी दुसऱ्या दिवशी तेच. माझी खोली तिच्या घराच्या भिंतीला लागून होती, त्यामुळे हे मला रोज दिसे. पाड्यातल्या पोरी तिची नक्कल करत. एक विचारायची, "सगुणावयनी, नाव काय गो तुझं?" आणि दुसरी डोक्यावरचा नसलेला हंडा सावरत म्हणायची, "थांब, सासूला इचारून येते."

सगुणा मुळात अशी नव्हती. मी डोंबिवलीच्या खाडीकाठच्या त्या पाड्यात शाळेवर रुजू झाले तेव्हा ती पाड्यातली सर्वांत बिनधास्त सून होती. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं होत होती. स्टेशनातून पश्चिमेला उतरलं की वस्ती लगेच संपायची. पुढे भातखाचरं, खारं पाणी अडवणारा बांध आणि बांधापलीकडे खाडी. पाड्यातले पुरुष शेती करायचे, थोडे ठाकुर्लीच्या पॉवरहाऊसवर कोळसा ओढायला जायचे आणि बाकीचे खाडीतली रेती काढायचे. सगुणाचा नवरा गोपीनाथ पॉवरहाऊसवर होता. "माझा नवरा काळा झाला तरी कोरडा परत येतो," असं ती रेतीवाल्यांच्या बायकांना चिडवायची. त्या बायका हसायच्या, पण खाडीकडे बघून.

कारण रेतीचं काम वाईट होतं. होडी मधोमध उभी करायची, लांब बांबू तळात रोवायचा, एकाने बांबूला धरून बुडी मारायची आणि तळाची रेती बादलीत भरायची. दोरीला झटका बसला की वरच्याने बादली ओढून घ्यायची. खाली काहीच दिसत नसे. पाणी गढूळ, आणि तळाला आधीच्या उपशाने पडलेले खड्डे. पाड्यातल्याच लक्ष्मीचा धाकटा दीर गणू असाच खाली गेला होता, फार पूर्वी, त्याचं लग्न व्हायच्या आधी. बांबू उभा राहिला आणि गणू वर आला नाही. त्याचा देहही मिळाला नाही. त्याची बहीण हौसाबाई विधवा होऊन माहेरी परतली होती. ती रोज सकाळी खाडीच्या काठावर जाऊन थोडा वेळ उभी राहायची. कोणी काही विचारत नसे.

सगुणाची सासू कमळाबाई धवलारीण होती. पाडा आगऱ्यांचा, आणि आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. लग्नातले विधी ती गाण्यांनी लावते, त्या गाण्यांना धवले म्हणतात. हळदीच्या संध्याकाळी मांडवात दिव्यासमोर बसून ती देवांना बोलावते, आणि मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. एक बाई पुढे गाते, दुसरी तिच्या मागून सूर ओढते. कमळाबाईची याबाबतची शिस्त कडक होती. गेलेल्या माणसाला एकदाच बोलवायचं, असं ती सांगे. मुळीच बोलावलं नाही तर तो मांडवाबाहेर उभा राहतो. दोनदा बोलावलं तर आत येतो आणि परत जात नाही.

त्या वर्षी वैशाखात लक्ष्मीच्या थोरल्या मुलाचं, काळुरामचं, लग्न निघालं. लक्ष्मीचा नवरा धोंडीबा दुखण्याने गेला होता, घर दोन मुलांवर उभं होतं. कमळाबाईने जाहीर केलं की या लग्नात पुढे सगुणा गाणार, आपण मागून ओढणार. सगुणाला आनंद लपवता आला नाही. वाल सोलताना, भांडी घासताना ती गात असायची. गोपीनाथ म्हणायचा, "अगो, माझ्या आज्यापणज्याला रोज बोलावतेस, जेवायला बसले तर भात पुरंल काय?"

त्या हळदीला मी मांडवाच्या कडेला बायकांत बसले होते. सगुणाचा आवाज भरून येत होता. नावं कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे मला सांगता येणार नाही. मी साताऱ्याकडची, ती बोली मला तेव्हा नीट कळत नव्हती, आणि सुरात शब्द एकमेकांत मिसळून जात होते. पोरं रडत होती, मागे कोणीतरी तांदूळ मोजून देत होतं. एवढंच सांगते की मला तेव्हा काही चुकल्यासारखं वाटलं नाही आणि इतर कोणालाही वाटलेलं दिसलं नाही.

लग्नाला आठवडाही झाला नव्हता. काळुराम रेतीला गेला. बादली वर आली, काळुराम आला नाही.

तो कोपर गावाच्या बाजूला, खाडीकाठच्या तिवरांच्या मुळांत सापडला. त्याला बांधावर आणून ठेवलं तेव्हा मी शाळेतून धावत गेले होते. त्याच्या नखांच्या कडांना हळद तशीच होती. खाडीने बाकी सगळं धुऊन नेलं होतं.

लोक लक्ष्मीच्या घरी बसायला जात होते. तिसऱ्या दिवशी मीही गेले. घरात बायका भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. नवी नवरी कोपऱ्यात, तिच्याकडे बघवत नव्हतं. हौसाबाई एकाएकी बोलली. आवाज चढा नव्हता.

"माझ्या गणूला बोलावलं नाय."

कोणाला काही कळेना.

"मांडवात. मी कान देऊन बसलेली. आज्याचं नाव आलं, धोंडीबाचं आलं. गणूचं नाय आलं. तो बाहेर उभा राहिला, आनि बाहेर उभा राहून राहून आपल्या मानसाला घेऊन जेला."

सगळ्यांच्या माना सगुणाकडे वळल्या. सगुणा पांढरी पडली. ती हौसाबाईला काही म्हणाली नाही. शेजारी बसलेल्या सासूकडे वळून तिने विचारलं, "आये, मी घेतलं ना?"

कमळाबाईने पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघितलं.

दारात उभा असलेला गोपीनाथ म्हणाला, "आये, सांग की. तू तिला लागूनच बसलेलीस."

"सुतकाच्या घरात वाद नको," कमळाबाई म्हणाली आणि उठली.

पाड्याने तोच निकाल धरला. सासूच बोलत नाही म्हणजे सून चुकली. नवरीला तिचे भाऊ येऊन घेऊन गेले. जाताना तिने सगुणाच्या दाराकडे बघितलं नाही, हे सगुणाला सर्वांत जास्त लागलं.

ती बदलली ती हळूहळू. पहिल्या महिन्यात ती मला ठामपणे सांगत होती, "बाई, मी घेतलं. गणूच्या नावानंतर श्वास घ्यायला जागा हाय. मी तिथं श्वास घेतलाय, मना आठवतो." दिवाळीनंतर ती म्हणू लागली, "घेतलं असं वाटतं." पुढच्या पावसाळ्यात, दाराच्या वळचणीखाली उभी राहून, पाण्याकडे बघत म्हणाली, "नसंल घेतलं. एवढी मानसं खोटं कशाला बोलतील?"

मी म्हटलं, "एवढी माणसं नाही, एक हौसाबाई बोलली. बाकीच्यांनी मान हलवली."

"तेच ते," ती म्हणाली.

एकदा आतला तो खिळा निखळला, मग सगळंच डगमगायला लागलं. आमटीत मीठ घातलं का ते ती गोपीनाथला विचारायची. तो पॉवरहाऊसवर असला तर भिंतीपलीकडून मला विचारायची. जणू मला तिथून चव कळणार होती. मुलीला दूध दिलं का, कोंबड्या आत घेतल्या का. आधी गोपीनाथ थट्टा करायचा. मग एक दिवस ताटावरून उठताना म्हणाला, "तू मना इचारतेस ते मीठ नाय, दुसरंच काय तरी इचारतेस. मी काय सांगू? मी मांडवात नव्हतो, बाहेर मंडळींना पानी देत होतो." त्यानंतर त्यानेही थट्टा सोडली.

धवले तर तिने सोडलेच. पलीकडच्या गावची रंगूबाई पाड्यातल्या लग्नांना यायला लागली. तिचे सूर लागले की सगुणा मुलीला घेऊन स्टेशनकडे चालत सुटायची आणि मांडवात शांत झाल्यावर परतायची.

अशी पाच वर्षं गेली. कमळाबाईला ऐकू येईनासं झालेलं आता सगळ्यांना माहीत होतं. तिच्याशी बोलायचं तर तोंडासमोर जाऊन ओरडावं लागे. लक्ष्मीचा धाकटा मुलगा आनंदा वीस-बाविशीचा झाला होता आणि भावाच्याच होडीवर रेतीला जात होता. आईने पायावर डोकं ठेवलं तरी त्याने ऐकलं नाही. "शेतावर दोन महिने खायला मिलंल, बाकीचे धा महिने काय खाडीकडं बघून पोट भरू?" असं म्हणायचा. हसरा पोरगा. पण तो बुडी मारायला निघाला की काठावरच्या बायका बोलणं थांबवायच्या.

त्याचं लग्न कल्याणच्या बाजूला ठरलं. आणि भर दुपारी, मी उत्तरपत्रिका तपासत बसले असताना, लक्ष्मी सगुणाच्या दारात येऊन उभी राहिली. पाच वर्षांत पहिल्यांदा.

सगुणाने पाट दिला. लक्ष्मी बसली नाही.

"रंगूबाईला दम्यानं धरलंय. ती येत नाय."

"मंग दुसरी बघा, वयनी. भोपरला एक हाय म्हंतात."

"दुसरी नको. रंगूबाई आली असती तरी मी तुझ्याकडं आले असते." लक्ष्मीचा आवाज सपाट होता. "तुझ्या तोंडून राहिलं. आता तुझ्याच तोंडून पुरं झालं पायजे. नाय तर तो बाहेरच उभा राहनार, आनि माझ्याकडं आता एकच हाय."

"माझ्यानं व्हनार नाय."

"तुझ्यानं नाय झालं तर काय व्हतं ते मी बघितलंय," लक्ष्मी म्हणाली. "म्हनून तर आले." आणि ती गेली.

सगुणा उंबऱ्यातच बसून राहिली. बोलावणं होतं आणि धमकीही होती. नाही म्हणावं तर आनंदाला काही झालं की तिच्यावर, हो म्हणावं आणि काही झालं तरी तिच्यावर. पण तिला खरी भीती त्याची नव्हती. संध्याकाळी भिंतीपलीकडून ती म्हणाली, "बाई, मी नाव घेतलं की नाय हे माझं मलाच कळलं नाय, तर मी गाऊ कशी?"

कमळाबाई ओसरीवर वाल सोलत बसलेली होती. लक्ष्मी येऊन गेलेली तिने पाहिली होती. बहिऱ्या माणसांसारखी ती मोठ्यांदा बोलली, म्हणून मला भिंतीतून सगळं ऐकू आलं.

"लक्ष्मी कशाला आयलेली?"

सगुणाने ओरडून सांगितलं. बराच वेळ फक्त वालाच्या सालींचा आवाज येत राहिला.

"मना तवाच ऐकू येत नव्हतं," कमळाबाई म्हणाली.

"कवा?"

"काळूच्या हलदीला. त्याच्या आदल्या पावसाल्यापासनं कान जेलेले. तुझ्या व्हटांकडं बघून मी मागं सूर ओढत व्हते. तू माझ्याकडं पाठ करून दिव्याकडं वललेलीस, तवा मना काय बी कललं नाय."

"मंग तवा सांगितलं का नाय?"

"काय सांगू? ऐकलं बोलले असते तर खोटं, नाय ऐकलं बोलले असते तर धवलारीण बहिरी झाली म्हनून गावभर. माझी सासू गायली, मी गायले." मग ती म्हणाली, "मना वाटलं दोन महिन्यांत इसरतील."

पुढचे काही दिवस ती सासूसमोर ताट ठेवायची ते आदळून. मला भेटली तेव्हा म्हणाली, "पाच वर्सं मी एका बहिरीच्या कानांनी ऐकत होते, बाई." आणि हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. मग हसू विरलं आणि ती म्हणाली, "पन तिला ऐकू आलं नाय म्हनून मी नाव घेतलं होतं असं व्हत नाय ना?"

तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शाळेत मी मुलांना उत्तर पडताळून बघायला शिकवत असे. या उत्तराचा पडताळा कुठेच नव्हता.

त्या दिवसांत कमळाबाईने तिला इतकंच सांगितलं, आणि तेही चुलीकडे बघत, "आता कोनाला इचारू नको. इचारायला कोन नाय. तुझा गला, तुझाच कान."

सगुणाने हो कधी म्हटलं ते मला कळलं नाही. एका सकाळी ती गाऊ लागली. दबक्या आवाजात, वाल सोलताना, मध्येच थांबून पुन्हा मागे जाऊन. चिंचेपाशी थांबणं चालूच होतं.

लग्नाचा आठवडा जवळ आला तसा पाडा गप्प होत गेला. हौसाबाईने विहिरीवर सांगितलं की गणू स्वप्नात आला होता, अंगातून पाणी गळत होतं, आणि तो पंक्तीत बसायला जागा शोधत होता. सगळे सरकत होते पण जागा होत नव्हती. मांडव घालायच्या आदल्या दिवशी आनंदाच्या होडीचा बांबू तळात रुतला तो निघेना. चौघांनी ओढला, हलवला. शेवटी तसाच सोडून आले. लक्ष्मीच्या पडवीतून तो दिसत होता. भरतीला टोक तेवढं वर राहायचं, ओहोटीला सगळा उघडा पडायचा आणि त्याच्याभोवती पाणी वळसे घालून जायचं. पाहुणे विचारत, तो बांबू कसला? घरातलं कोणी उत्तर देत नसे. आनंदा मात्र म्हणाला, "माझी वरात खाडीतून काढायची हाय, म्हनून झेंडा लावून ठेवलाय." त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात मारला.

हळदीची संध्याकाळ. पेट्रोमॅक्सची बत्ती लावली होती, पण धवलारणीपुढे समईच. आनंदा पाटावर हळदीने पिवळा होऊन बसला होता. बायका दाटीने बसल्या होत्या आणि या वेळी कोणी गप्पा मारत नव्हतं. एका बाईचं चुकतंय का हे ऐकायला सगळा मांडव जमला होता. हौसाबाई अगदी समोर. कमळाबाई सुनेच्या शेजारी, नजर तिच्या ओठांवर.

सगुणाने सुरुवात केली तेव्हा आवाज कापत होता. देवांची नावं येत गेली, गावदेवी, खाडीची आई, आणि आवाज जमिनीवर उभा राहिला. मग घरातले गेलेले. आजा. आजी. धोंडीबा. पुढे, आणि मग काळुराम. काळुरामचं नाव येताच लक्ष्मीने जो हंबरडा फोडला त्याने मांडवातली पोरं घाबरून रडायला लागली. सगुणा थांबली. लक्ष्मीला दोघींनी धरलं.

आणि हौसाबाई उभी राहिली.

"राहिला. माझा गणू परत राहिला."

कोणीतरी "आई गो" म्हटलं.

"धोंडीबा झाला आनि काळू आला. मधी गणू कुठं? मी हितं समोर बसलेय. कोनी ऐकलं?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हणाली, ऐकल्यासारखं वाटलं. दुसरी म्हणाली, छे, नाही. तिसरीने डोळे खाली घातले. मी ऐकलं का? आता मला बोली कळत होती, आणि मला वाटतं की ऐकलं. पण 'वाटतं' यापुढे मला जाता येत नाही, आणि तेव्हाही जाता आलं नाही.

लक्ष्मी सरपटत सगुणाकडे आली. "सगुणा, घे गो. एकदा घे. घेतलं असंल तरी घे, काय जातं तुझं? माझ्या आनंदासाठी घे."

काय जातं, ते सगुणाला माहीत होतं आणि शेजारी बसलेल्या तिच्या सासूला. दोनदा बोलावलेला परत जात नाही. नाव राहिलं असेल आणि तिने घेतलं नाही, तर गणू बाहेर उभा. नाव घेतलं असेल आणि तिने पुन्हा घेतलं, तर गणू आत, पाटावर बसलेल्या त्या पिवळ्या पोराच्या शेजारी, कायमचा. तिचा या सगळ्यावर विश्वास होता. माझ्यासारखं बाजूला उभं राहून बघणं तिला शक्य नव्हतं.

तिने सवयीने सासूकडे बघितलं. कमळाबाईने तिच्या नजरेला नजर दिली. या वेळी जमिनीकडे बघितलं नाही, पण त्या नजरेत देण्यासारखं काही नव्हतं. म्हातारीला हौसाबाई काय ओरडतेय तेसुद्धा कळलेलं नव्हतं.

पाटावरून आनंदा म्हणाला, "काकी, काय असंल ते लवकर करा. हलद वाळून खाज सुटली." कोणी हसलं नाही.

सगुणाने डोळे मिटले. तिच्या गळ्याची हालचाल मला दिसली, आवाज न काढता ती मागे गेली असावी, धोंडीबापर्यंत, आणि तिथून पुढे. मग तिने डोळे उघडले.

"घेतलंय," ती म्हणाली.

"कोनी ऐकलं?" हौसाबाई.

"मी ऐकलं."

"आनि नसंल घेतलं तर?"

"घेतलंय, आत्या. परत घेनार नाय." आणि तिने सासूच्या हातावर हात ठेवून पुढचा धवला उचलला. मागून कमळाबाईचा सूर आला, थोडा उशिरा, थोडा वेडावाकडा. लक्ष्मी जमिनीवर पडून रडत होती. हौसाबाई मांडवातून निघून गेली आणि बांधाच्या दिशेने तिची पाठ अंधारात दिसेनाशी झाली.

लग्न लागलं. त्यानंतरचे दिवस मला अजून नीट आठवतात. पाडा दिवस मोजत जगत होता. आनंदा होडीवर पाय ठेवायचा आणि घराघरांतून बायका बाहेर येऊन उभ्या राहायच्या. त्या खाडीकडे बघायच्या आणि मग वळून सगुणाच्या दाराकडे. सगुणा घाबरत नव्हती असं नाही. ती रात्री झोपत नाही, असं गोपीनाथने मला सांगितलं. पण एक गोष्ट मी पाहिली. ती दाराला कडी घालून निघाली, चिंचेपाशी आली, पावलं मंदावली, आणि ती तशीच पुढे गेली.

मग तो दिवस आला. आठवडा उलटून गेला होता. सकाळी गेलेली आनंदाची होडी दुपारच्या भरतीबरोबर परत यायला हवी होती. आली नाही. इतर होड्या आल्या, त्यांनी त्याला सकाळनंतर पाहिलं नव्हतं. ऊन कलायला लागलं. पाण्याचा रंग शिशासारखा झाला. काठावर माणसं जमली, कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी शाळा सोडून आले तेव्हा लक्ष्मी काठावर नव्हती. ती सगुणाच्या दारात होती.

तिचे केस सुटलेले होते. ती ओरडली नाही, फार हळू बोलली.

"आता तरी सांग. मी कोनाला बोलनार नाय. नाव घेतलेलंस?"

"घेतलेलं," सगुणा म्हणाली. "दोन्ही वक्ताला घेतलेलं."

लक्ष्मी तिच्याकडे बघत राहिली. "दोन्ही?"

"काळूच्या बी. पाच वर्सं मी नाय नाय म्हनत बसले. पन घेतलेलं."

"मंग माझा काळू का जेला?"

मला वाटलं, आता ती खचणार. या प्रश्नापुढे कोणीही खचलं असतं.

"ते मना म्हाईत नाय, वयनी," ती म्हणाली. "ते मना खरंच म्हाईत नाय."

लक्ष्मी उंबऱ्यावर बसली. सगुणा तिच्याशेजारी बसली. दोघी एकमेकींना टेकून नव्हत्या, दोघींमध्ये हातभर जागा होती. खाडीचा वास येत होता, ओहोटी लागली होती.

दिवेलागणीला बांधाकडून आरडाओरडा झाला. लक्ष्मी उठली नाही. तिला तो आरडाओरडा कसला ते ऐकायचं नव्हतं. सगुणा उठली आणि बघून आली. होडी दिवा गावाच्या बाजूला चिखलात रुतून बसली होती आणि आनंदा तिला सोडून, चिखल तुडवत, बांधाबांधाने चालत आला होता. कमरेपर्यंत काळा, आणि पायाला शिंपल्याने कापलेलं. आईला त्याने पहिलं वाक्य ऐकवलं ते म्हणजे, "भात हाय का?"

पाड्यातल्या बायका दुसऱ्या दिवशी विहिरीवर म्हणू लागल्या की सगुणा खरी, तिने नाव घेतलंच होतं, म्हणून पोरगा आला. सगुणाने हंडा खाली ठेवला.

"तो नसता आला तरी मी घेतलेलंच व्हतं," ती म्हणाली.

ते बायकांना आवडलं नाही. असं अभद्र बोलायची काय गरज होती, असं त्या मागाहून मला म्हणाल्या. हौसाबाईने तर शेवटपर्यंत मानलं नाही. दोन्ही वेळा आपल्या भावाला वगळलं, असंच ती सांगत राहिली, आणि रोज सकाळी खाडीवर जात राहिली. सगुणा तिच्याशी वाद घालत नसे. पुढे तिला पाड्याबाहेरूनही बोलावणी यायला लागली, ठाण्यापर्यंत. जिथे जाई तिथे मांडवातल्या बायका आधी तिच्याकडे जरा बिचकूनच बघत. ती समईसमोर बसायची, वात नीट करायची, आणि त्या घरातल्या म्हातारीला विचारायची, "तुमच्यातलं कोन कोन जेलंय ते एकदा सांगा. परत इचारनार नाय."